शालजोडी कोणाला, आणि केव्हा?

कास्तकाराला खरीप आणि रब्बी असे दोन हंगाम ठाऊक आहेत. अलीकडे आमच्या नांदेड-लातूरकडे तिसरा एक हंगाम सुरू झाला आहे, तो सत्काराचा. विद्यापीठाचा वर्धापनदिन आला, एखाद्या महाविद्यालयाचे रौप्यवर्ष आले, एखाद्या संशोधन परिषदेचे अधिवेशन भरले, की 'जीवनगौरव' नाहीतर 'जीवनसाधना' नावाचा पुरस्कार निघतो. एका वयोवृद्ध प्राध्यापकांना हाताला धरून व्यासपीठावर चढवतात. अंगावर शाल, हातात नारळ, पुढ्यात काचेचे स्मृतिचिन्ह. मानपत्र वाचणारा घाईत असतो, त्यामुळे चाळीस वर्षांच्या कामाचा हिशेब चार मिनिटांत उरकतो; मग पाच वक्ते उठतात आणि त्या म्हाताऱ्या माणसाच्या निमित्ताने स्वतःविषयी बोलतात. उन्हाळा असला तर शालीखाली त्या बिचाऱ्याला घाम फुटलेला असतो, तो वेगळाच.

आमचा वाचक विचारील, की मास्तर, या विद्वानांच्या शालीशी आम्हां कुणब्या-माळ्यांचा, सुतार-लोहारांचा काय संबंध? संबंध आहे. विद्यापीठाची इमारत, प्राध्यापकांचा पगार, परिषदेचा मांडव, यांतला बहुतेक पैसा सरकारी तिजोरीतून येतो, आणि त्या तिजोरीत तो खताच्या पोत्यासह तुम्ही जे जे विकत घेता त्यावरच्या करातून जातो. दुसरे असे, की १७ सप्टेंबर १९९४ रोजी नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले व लातूरला त्याचे उपकेंद्र झाले, तेव्हापासून संशोधन ही गोष्ट परगावची राहिली नाही. आज आमच्या तालुक्यांत असे फार थोडे मोठे गाव असेल, की जिथल्या एखाद्या घरात पीएच.डी. करणारे पोर नाही. तेव्हा या धंद्यात मान कोणाला मिळतो, कसा मिळतो व केव्हा मिळतो, हे आता आपल्या घरचे प्रकरण झाले आहे.

आम्ही स्वतः विद्वान नव्हे. अध्यापक विद्यालयातून बाहेर पडलो आणि वीस-बावीस वर्षे खेड्यातल्या शाळेत खडू झिजवीत आहोत. पण पुरस्कार ही गोष्टच वाईट, असे आम्ही म्हणत नाही. सुताराने तिफणीचा सांधा कसा घातला हे गिऱ्हाइकाला दिसत नाही. ते दुसऱ्या सुताराला दिसते. संशोधनाचेही तसेच आहे. एक माणूस तीस वर्षे जुनी हस्तलिखिते चाळतो किंवा ज्वारीच्या मुळांवरची कीड मोजतो. त्याच्या कामाची पारख बाजारात होणारी नव्हे. ती त्याच धंद्यातल्या जाणत्यांनी करावी आणि चारचौघांत सांगावी, यात गैर काही नाही. आमचा प्रश्न एवढाच, की पारखणारे कोण आहेत, आणि ते पारखायला बसतात तेव्हा घड्याळात वाजले किती आहेत?

पारखणारे कोण, हा प्रश्न आपल्या देशात जुना आहे. पेशवाईत पुण्याला श्रावणात विद्वानांना दक्षिणा वाटली जाई. विद्येचा हा सरकारी गौरवच म्हणावयाचा. फक्त तो घ्यायला आधी एका जातीत जन्म घ्यावा लागे. इंग्रज आल्यावरही ही दक्षिणा चालू राहिली. १८४९ साली पुण्यातल्या सुधारकांनी अर्ज केला, की या पैशातून मराठीत ग्रंथ लिहिणारांना उत्तेजन द्यावे; पुढे १८५१ साली दक्षिणा प्राइझ कमिटी आली. म्हणजे जातीच्या जागी ग्रंथ आला. सुधारणा मोठीच झाली. पण ग्रंथ वाचणारे कमिटीवर होते तेच राहिले. १८५५ साली जोतीराव फुल्यांनी 'तृतीय रत्न' हे नाटक त्या कमिटीकडे पाठवले. अडाणी कुणब्याच्या घरी भिक्षुकी कशी शिरते, हे त्या नाटकात दाखवले होते. कमिटीने ते परत केले. कमिटीतल्या भट सभासदांच्या भिडेपुढे युरोपियन सभासदांचे काही चालले नाही, अशी हकीकत पुढे जोतीरावांनीच 'गुलामगिरी'त नमूद केली आहे. त्या वर्षी कमिटीने कोणाकोणाला बक्षीस दिले, ते आज कोणी विचारीत नाही.

याच जोतीरावांचे दोन सत्कार ध्यानात ठेवण्याजोगे आहेत. पहिला १६ नोव्हेंबर १८५२ रोजी पुण्याच्या विश्रामबागवाड्यात झाला. सरकारतर्फे मेजर कँडींनी शाळांच्या कामाबद्दल त्यांना शाली दिल्या. तेव्हा जोतीराव पंचविशीचे होते. शाळा चालू होत्या, बाहेर शिव्याशाप चालू होते, घर सुटले होते. त्या वेळी ती शाल पाठीवर पडली. दुसरा सत्कार ११ मे १८८८ रोजी मुंबईला मांडवी कोळीवाड्याच्या सभागृहात झाला. रावबहादूर वंडेकरांच्या हस्ते लोकांनी त्यांना 'महात्मा' ही पदवी दिली. ना प्रस्ताव, ना छाननी समिती, ना शिफारसपत्र. तोही एक जीवनगौरवच होता. पण दोनच महिन्यांत जोतीरावांना पक्षाघाताने गाठले आणि २८ नोव्हेंबर १८९० ला ते गेले. आम्हांला विचाराल तर दोन्ही सत्कार खरे होते; कामाला बळ देणारा मात्र पहिला.

आता आपल्या मुलखाकडे या. लातूर तालुक्यातल्या काटगावचे रा. रं. बोराडे. शेतकऱ्याच्या घरात १९४० साली जन्मले, शिकले, कॉलेजात मास्तर झाले, प्राचार्य झाले. १९७१ साली त्यांची 'पाचोळा' ही कादंबरी आली, तीत गावातल्या एका शिंप्याच्या घराची वाताहत त्या घरच्या बाईच्या तोंडून सांगितली आहे. खेड्यातल्या कारागिराचे दुःख इतक्या आतून मराठीत फार थोड्यांनी लिहिले. राज्य सरकारचा विंदा करंदीकर जीवनगौरव पुरस्कार त्यांना २०२५ साली जाहीर झाला, आणि ११ फेब्रुवारी २०२५ रोजी ते वारले. जाहीर होणे आणि जाणे यांत काही दिवसांचे अंतर. 'पाचोळा'ला तेव्हा चौपन्न वर्षे होत आली होती. डॉ. गंगाधर पानतावण्यांचेही तेच. त्यांनी 'अस्मितादर्श' नियतकालिक दशकानुदशके चालवून दलित लिहित्या मुलांची एक पिढी उभी केली. जानेवारी २०१८ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. २७ मार्च २०१८ ला ते गेले. याला वरातीमागून घोडे म्हणतात. घोडे उत्तम, शृंगारलेले, पण नवरदेव केव्हाच घरी पोचलेला.

आणि ज्याला म्हातारपणच आले नाही, त्याचे काय? नांदेडचे नरहर कुरुंदकर आमच्यासारखेच आधी शाळामास्तर होते. परीक्षांशी त्यांचे फारसे जमले नाही. पदव्या उशिरा आल्या. पण इतिहास म्हणू नका, मनुस्मृती म्हणू नका, नाट्यशास्त्र म्हणू नका, ज्या विषयाला हात घातला त्यात पुण्या-मुंबईच्या पंडितांना त्यांची दखल घ्यावी लागली. १० फेब्रुवारी १९८२ रोजी ते गेले, तेव्हा वय पन्नासही भरले नव्हते. जीवनगौरवाच्या नियमात ते बसलेच नसते, कारण त्याला जीवन पुरेसे लांब लागते. गरिबाघरच्या विद्वानाजवळ ते तितके लांब असतेच असे नाही. बालपणी खाण्याची आबाळ, तरुणपणी नोकरीची वणवण, भावंडांची लग्ने, आणि मग रात्री कंदिलापाशी अभ्यास. सत्तरीपर्यंत ताठ राहायला पोटाला लहानपणापासून दूध लागते.

हे दुखणे आपल्या देशापुरते नाही. आल्फ्रेड नोबेलने १८९५ साली मृत्युपत्रात लिहिले होते, की मागल्या वर्षात ज्याने मनुष्यजातीचे सर्वांत मोठे हित केले त्याला पारितोषिक द्यावे. मागल्या वर्षात, हे लक्षात घ्या. पेटन राऊस नावाच्या अमेरिकन डॉक्टरने १९११ साली दाखवले, की कोंबड्यांतली एक कर्करोगाची गाठ विषाणूमुळे होते. त्याला ते पारितोषिक १९६६ साली मिळाले, वय सत्त्याऐंशी. आमच्या कास्तकारांना दुसरी गोष्ट जास्त जवळची वाटेल. बार्बरा मॅक्लिंटॉक या बाईने मक्याची रंगीबेरंगी दाण्यांची कणसे वर्षानुवर्षे न्याहाळली आणि ताडले, की दाण्याचे गुण ठरवणारे अंश एकाच जागी बसून नसतात, ते जागा बदलतात. १९५१ साली तिने हे विद्वानांच्या सभेत मांडले, तेव्हा बहुतेकांना ते पटले नाही. १९८३ साली नोबेल मिळाले तेव्हा बाई एक्क्याऐंशी वर्षांची होती. सुदैवाने दणकट होती. उलट गणितातल्या लोकांनी १९३६ पासून फील्ड्स पदक देताना चाळिशीच्या आतलेच वय धरले आहे, आणि आपल्या देशातल्या भटनागर पारितोषिकाला पंचेचाळीसची अट आहे. म्हणजे मनात आणले तर वेळेवर पारखता येते.

इथवर झाली ती ज्यांना उशिरा का होईना शाल मिळाली त्यांची, किंवा ज्यांचे नाव तरी राहिले त्यांची कथा. ज्यांना विद्वानांत गणलेच नाही, त्यांची निराळी आहे.

नांदेड नावाचे आणखी एक गाव आहे, चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यात. आमच्या गोदाकाठच्या नांदेडशी त्याचे नावापलीकडे नाते नाही. तिथले दादाजी खोब्रागडे जेमतेम तिसरीपर्यंत शिकलेले, जमीन दीड एकर. १९८३ साली धानाच्या शेतात काही लोंब्या त्यांना वेगळ्या दिसल्या. त्यांनी त्या बाजूला काढल्या, जपल्या, पुढल्या वर्षी निराळ्या पेरल्या, त्यातून पुन्हा निवड केली. असे करता करता बारीक, चवीचा, जास्त उतरणारा तांदूळ हाती आला. त्या काळी मनगटावरच्या एचएमटी घड्याळाचे मोठे अप्रूप होते, म्हणून त्याला एचएमटी नाव पडले. आज तो कितीक लोकांच्या ताटात आहे. आता आम्हांला कोणी सांगावे, की निरीक्षण, निवड, पडताळा आणि पुन्हा पेरणी याला संशोधन म्हणावयाचे नाही तर कशाला? पुढे कृषी विद्यापीठाने त्यांच्याकडून बियाणे नेले, शुद्ध केले, आणि १९९८ साली आपल्या नावाचा शिक्का लावून वाण जाहीर केला. दादाजींना नंतर पुरस्कार मिळाले, राष्ट्रपतींच्या हस्तेही मिळाला. सरकारने दिलेले सुवर्णपदक अडचणीच्या दिवसांत सोनाराकडे नेले तेव्हा ते अस्सल निघाले नाही, असेही वर्तमानपत्रांत छापून आले. ३ जून २०१८ रोजी आजारपणात, पैशाच्या ओढाताणीत, ते वारले. त्यांच्या वाणाच्या तांदळावर आडते गबर झाले, गिरणीवाले गबर झाले.

आपल्या इथले पाहा. नांदेडच्या कापूस संशोधन केंद्राने एनएचएच ४४ हा संकरित वाण काढला. १९८०च्या दशकापासून मराठवाडा-विदर्भातल्या कोरडवाहू शेतकऱ्याने तो हातोहात घेतला; 'नांदेड ४४' म्हटले की जुने कास्तकार अजून मान डोलावतात. शास्त्रज्ञांचे श्रेय त्यांना अवश्य द्यावे. पण संकरित कापसाचे बी होते कसे? संध्याकाळी एकेका कळीतले नरकेसर बोटांनी काढायचे, कळीवर खूण करायची, दुसऱ्या सकाळी दुसऱ्या झाडाच्या फुलाचे पराग तिच्यावर लावायचे. असे शेकडो कळ्यांना, हंगामभर. हे काम बहुतेक बाया आणि पोरी रोजाने करतात. हात जड पडला तर कळी गळते. या हाताची कला कोणत्या मानपत्रात आली आहे?

याच्या उलट एक उदाहरण आहे, ते सांगितले नाही तर अन्याय होईल. हेमा राईरकर आणि गी प्वातव्हाँ या दोघांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्राच्या हजाराहून अधिक गावांतून जात्यावरच्या लाखावर ओव्या गोळा केल्या. विशेष हे, की ओवीबरोबर ती सांगणाऱ्या बाईचे नाव आणि गाव लिहून ठेवले. लोकसाहित्यावर पदव्या मिळवलेले पुष्कळ आहेत. वासुदेवाकडून, गोंधळ्याकडून, पोतराजाकडून ऐकायचे आणि प्रबंधात 'एका वृद्ध निवेदकाने सांगितले' एवढे लिहायचे, ही रीत आम्ही पाहिली आहे. त्या म्हाताऱ्याला नाव नसते काय? रेशन कार्डावर तर असते.

आता पोरांविषयी. आमच्या हाताखालून शिकून गेलेली एका सुताराची मुलगी आज संशोधन करते. विषय तिच्या बापाच्याच धंद्याशी लागून आहे. शिष्यवृत्ती मंजूर आहे, कागदावर. हप्ता कधी सहा महिन्यांनी, कधी त्याहून उशिरा. तोवर बाप लाकूड तासतो आणि मुलगी शिकवण्या घेते. गेल्या वर्षी ती एका सत्कार समारंभाला स्वयंसेवक म्हणून उभी होती. पाहुण्यांना गुच्छ देण्याच्या रांगेत. ही एकटीच नव्हे. २०२३ साली मुंबईच्या आझाद मैदानावर बार्टीचे संशोधक विद्यार्थी शिष्यवृत्तीसाठी कित्येक आठवडे बसून राहिले. सारथी आणि महाज्योतीच्या मुलांनाही रस्त्यावर यावे लागले. त्याच वर्षी डिसेंबरात विधान परिषदेत एका मोठ्या मंत्र्यांनी, ही मुले पीएच.डी. करून काय दिवे लावणार, अशा अर्थाचे उद्गार काढले. मागाहून त्यांनी खेद व्यक्त केला, तेव्हा ते सोडून देऊ. पण पोरांना जे ऐकायचे ते त्यांनी ऐकले. संशोधनाला मिरगाच्या पाण्यासारखी वेळ असते. पेरणीला पाऊस हवा. पोळ्याला धो धो पडला तर बैलांची झूल भिजते, पीक येत नाही.

कोणी म्हणेल, मास्तरांना म्हाताऱ्यांचा मान सहन होत नाही. तसे मुळीच नाही. मुखेडला जन्मलेले नागनाथ कोत्तापल्ले औरंगाबादच्या विद्यापीठाचे कुलगुरू झाले, २०१३ साली चिपळूणच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, हे वर्गात सांगताना आमचा आवाज चढतो आणि मागल्या बाकावरची पोरे ताठ बसतात. आपल्या भागातला माणूस तिथवर गेला, हे डोळ्यांना दिसावे लागते. सत्काराचा हा उपयोग आम्ही मानतो. पण तो सत्कार शहरातल्या वातानुकूलित सभागृहात, निमंत्रितांपुढे होतो. आमची पोरे तिथे नसतात.

मग करावे काय? आमच्या मते पहिली गोष्ट, ज्याचा गौरव करायचा त्याच्याकडून अर्ज मागवणे बंद व्हावे. आम्हां शिक्षकांत आदर्श शिक्षकाचा प्रस्ताव तो आदर्श शिक्षकच तयार करतो, फोटो चिकटवतो, प्रमाणपत्रांच्या छायाप्रती जोडतो व तीन प्रतींत कचेरीत नेऊन देतो. जो वर्ग सोडून कचेरीचे जिने चढत नाही, तो आदर्श ठरत नाही. विद्यापीठांनी ही रीत उचलू नये. नाव इतरांनी सुचवावे. समितीवर कोण बसले होते आणि कोणत्या कामासाठी निवड केली, हे साध्या मराठीत छापून लोकांपुढे ठेवावे. 'प्रदीर्घ सेवेबद्दल' हे कारण आम्हांला पुरत नाही. प्रदीर्घ सेवा तर गावचा कोतवालही करतो, आणि पगार त्याहून कमी घेतो.

दुसरे, जेवढी रक्कम एका वृद्धाच्या गौरवाला ठेवाल तेवढीच पस्तिशीच्या आतल्या एका संशोधकाला त्याच मांडवात द्या, आणि ती त्या वृद्धाच्या हातून द्या. सत्काराचा खर्च कमी केला तर यातले पुष्कळ निघेल. दक्षिणेच्या त्याच जुन्या फंडातून पुढे तरुण पदवीधरांना कॉलेजात दक्षिणा फेलोशिपा मिळू लागल्या, आणि न्यायमूर्ती रानडे त्यांतलेच एक. श्रावणातल्या वाटपाचा पैसा जर अभ्यास करणाऱ्या पोराकडे वळवता आला, तर शाली-नारळाचा का नाही?

तिसरे, दरवर्षी एक मान अशा माणसाला, की ज्याच्या ज्ञानावर प्रबंध उभे राहिले पण ज्याच्याजवळ पदवी नाही. जुन्या ज्वारीचे बी जपणारी म्हातारी, जमिनीतले पाणी नि माती ओळखणारा विहिरी खोदणारा वडार, रातभर पोवाडा म्हणणारा शाहीर, गुरांची औषधे जाणणारा धनगर. यात दया दाखवण्याचा प्रश्न नाही. कापसाच्या कळीवर पराग लावणाऱ्या बोटांचे जे देणे आहे, ते चुकते करण्याचा आहे.

विद्यापीठाचा वर्धापनदिन १७ सप्टेंबरला येतो. मराठवाडा मुक्त झाला तोच दिवस. तोवर हातात वेळ आहे. आपल्या गावात असा माणूस असेल तर त्याचे नाव, गाव, वय आणि त्याला काय येते, हे चार ओळींत लिहून नांदेडला कुलसचिवांच्या नावे टपालाने पाठवावे. पाठवल्याची तारीख घरी लिहून ठेवावी, म्हणजे उत्तर आले नाही तर पुन्हा लिहिता येते. घरात संशोधन करणारे पोर असेल तर त्याचा शिष्यवृत्तीचा हप्ता किती महिने अडला आहे, तेही वेगळ्या कागदावर लिहावे. ज्याला लिहिणे जमत नाही त्याने गावच्या मास्तराला सांगावे. आम्ही आमच्या गावापुरते हे काम पत्करले आहे. रविवारी सकाळी शाळेचे दार उघडे असते, कागद आमच्याकडे आहेत.